लाटांपासून वीज : विझिंजमचा प्रयोग

मी ज्या गांवाहून आपल्याशीं बोलावयास आलों आहें, त्या गांवाचा आणि समुद्राचा उघड असा कांहींच संबंध नाहीं. हरसूल हें नाशिक जिल्ह्यांतील त्र्यंबकेश्वर तालुक्यांतलें, गुजरातच्या सीमेजवळचें डोंगराळ गांव. भात, नागली आणि वरई हीं तेथलीं पिकें, सभोंवार रान, आणि मृग निघाला कीं जो पाऊस कोसळूं लागतो तो दसऱ्याच्या तोंडापर्यंत हटत नाहीं. अशा ठिकाणीं आयुष्य काढलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें समुद्राच्या लाटांपासून होणाऱ्या विजेविषयीं बोलावें, हें आपणांस थोडें चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाच्या बाबतींत माझ्या अंगावर एक जुनें देणें आहे, आणि तें फेडण्यासाठींच मीं हा विषय मागून घेतला.

त्या देण्याची हकीकत अशी. १९९१ सालच्या अखेरीस माझ्या हातीं एक वर्तमानपत्र आलें. केरळांत त्रिवेंद्रमनजीक विझिंजम नांवाचें मच्छीमारांचें बंदर आहे, तेथें समुद्राच्या लाटांवर वीज निर्माण करणारें केंद्र सुरू झालें असून त्याची शक्ति १५० किलोवॅट आहे, असें त्यांत छापलें होतें. मी त्या वेळीं तिशींतला, उत्साही मास्तर. दुसऱ्या दिवशीं वर्गांत फळ्यावर हिशेब मांडला : १५० किलोवॅट म्हणजे दीड लक्ष वॅट, त्यास ६० नें भागलें म्हणजे साठ वॅटचे २५०० दिवे. आमच्या आसपासच्या सगळ्या पाड्यांत त्या काळीं मिळून एवढे दिवे नव्हते. मुलें तोंडाचा आ करून पाहत राहिलीं. तेवढ्यांत मागच्या रांगेंतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आणि लाट नसेल तेव्हां?" मीं हंसून म्हटलें, "अरे, समुद्राला लाट नाहीं असें कधीं झालें आहे काय?" वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला.

तोच मुलगा दोन-तीन वर्षांपूर्वीं मला भेटावयास आला. आतां तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि विजेच्या तारा ओढण्याच्याच कामावर असतो. बोलतां बोलतां म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं शिकविलेलें तें लाटांचें केंद्र केव्हांच बंद झालें म्हणे." त्याच्या स्वरांत टोमणा नव्हता. पण मला तो जुना प्रश्न आठवला, आणि त्या दिवसापासून मीं या विषयाचें मिळेल तें वाचावयास घेतलें. वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत आली. "लाट नसेल तेव्हां काय?" हाच तो प्रश्न होता, ज्याचें उत्तर शोधण्यासाठीं विझिंजमचें केंद्र उभारण्यांत आलें होतें. वर्गांत त्या दिवशीं खरी चौकशी एकाच माणसानें केली होती, आणि त्याला मीं हंसून खालीं बसविलें होतें.

आतां मुळापासून सांगतों. समुद्रापासून शक्ति मिळविण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला भरती-ओहोटीचा. खंबायतच्या आखातांत भावनगरकडे भरती व ओहोटी यांच्या पातळींतला फरक १० मीटरांच्याही वर जातो. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशीं तो ५ मीटरांच्या आसपास असतो. जेथें असा मोठा फरक असतो तेथें बांध घालून, पाणी कोंडून, तें सोडतांना त्यावर चक्रें फिरवितां येतात. फ्रान्समध्यें रान्स नदीच्या मुखाशीं १९६६ सालीं असें २४० मेगावॅटचें केंद्र सुरू झालें. दुसरा मार्ग उष्णतेचा : उष्ण कटिबंधांतील समुद्राचें पृष्ठ कोमट आणि खोल पाणी थंडगार असतें, त्या अंतराचा उपयोग करावयाचा. जॉर्ज क्लोद नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९३० सालीं क्यूबाच्या किनाऱ्यावर या रीतीनें २२ किलोवॅट वीज निर्माण करून दाखविली होती. या मार्गाकडे आपण पुढें पुन्हां एकदां वळूं. तिसरा मार्ग लाटांचा, आणि आजचा विषय तोच.

लाट म्हणजे वाऱ्यानें पाण्यापाशीं ठेवलेली ठेव. समुद्रावरून शेंकडों मैल वारा घोंघावत जातो, पाण्याला घांसतो, आणि आपली कांहीं शक्ति त्याला देऊन टाकतो. एकदां उठलेली मोठी लाट वारा थांबल्यावरही दूरवर चालत राहते. केरळच्या किनाऱ्यावर आपल्याकडे आभाळ निरभ्र असतांना ज्या संथ, लांबलचक लाटा येतात, त्यांपैकीं कित्येक दक्षिण महासागरांतल्या वादळांनीं कित्येक दिवसांपूर्वीं धाडलेल्या असतात. आणि जून महिन्यांत जो नैर्ऋत्येचा वारा त्या किनाऱ्यावर लाटा आपटतो, तोच पुढें सह्याद्रीला अडून आमच्या हरसूलच्या खांचरांत पाऊस पाडतो. तेव्हां संबंध अगदींच नाहीं असें जें मीं आरंभीं म्हटलें, तें तितकेंसें खरें नाहीं.

लाटेच्या शक्तीचा एक नियम मात्र लक्षांत ठेवावयास हवा, कारण पुढची सारी अडचण त्यांतून निघते. लाटेची उंची दुप्पट झाली तर तिची शक्ति दुप्पट न होतां चौपट होते. तिप्पट उंचीस नऊपट. शिवाय दोन लाटांमधला अवकाश जितका लांब तितकी शक्ति अधिक. किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागें लाटा किती किलोवॅट घेऊन येतात, या मापानें ती मोजतात. त्रिवेंद्रमच्या किनाऱ्यावर वर्षाची सरासरी सुमारें १३ किलोवॅट सांगतात. परंतु सरासरी हा शब्द फसवा आहे. हिंवाळ्यांतल्या हातभर लाटेंत आणि आषाढांतल्या दोन पुरुष उंच लाटेंत कितीपट अंतर पडेल, तें आपणच वर्ग करून पाहावें. यंत्र बांधणाऱ्यास पोटापाण्याला मिळतें सरासरीइतकें, आणि अंगावर झेलावें लागतें सर्वांत मोठ्या लाटेइतकें.

लाटांचा विचार जगांत फार जुना आहे. फ्रान्समध्यें १७९९ सालींच या कल्पनेचें एक पेटंट घेतलें गेलें होतें. जपानांत योशियो मासुदा यांनीं लाटांवर चालणारे लहान दिव्यांचे तरंगते बोये बनविले आणि १९६५ च्या सुमारास ते व्यवहारांत आले. परंतु सरकारें जागीं झालीं तीं १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव कडाडले तेव्हां. पुढल्याच वर्षीं एडिंबरोच्या स्टीफन सॉल्टर यांनीं लाटेवर डोलणाऱ्या आपल्या यंत्राचा लेख प्रसिद्ध केला. आपल्या देशांत जुलै १९८१ मध्यें महासागर विकास विभाग स्थापन झाला आणि त्याच्या साहाय्यानें मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत १९८३ च्या सुमारास लाटशक्तीचें संशोधन हातीं घेण्यांत आलें.

येथें एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मंडळी एकदम समुद्रावर गेलीं नाहींत. प्रथम काम झालें तें हौदांत. लांबट हौदाच्या एका टोंकाला फळी बसवून ती मागें-पुढें हलविली कीं हव्या त्या मापाच्या लाटा उठतात. पुण्याजवळ खडकवासल्यास जें केंद्रीय जल व विद्युत् अनुसंधान केंद्र आहे, आणि ज्याचा आरंभ १९१६ सालचा आहे, तेथें बंदरांचीं लहान प्रतिरूपें करून अशाच रीतीनें त्यांची परीक्षा होते. मद्रासला लाटेवर तरंगणारीं यंत्रें आणि हवेच्या कोंडणीवर चालणारें यंत्र अशा निरनिराळ्या जाती पारखून पाहिल्या, आणि शेवटीं हवेच्या कोंडणीची जात पसंत केली. कारण साधें : त्या यंत्राचा हलणारा भाग पाण्यांत नसतोच.

हें यंत्र समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. एक फुलपात्र घ्या, त्याच्या बुडाला लहानसें भोंक पाडा, आणि तें उपडें करून बादलींतल्या पाण्यांत अर्धवट बुडवून धरा. आतां पाणी हलवा. पात्राच्या आंतलें पाणी वर चढलें कीं भोंकांतून हवा बाहेर फुंकली जाते, पाणी खालीं उतरलें कीं ती आंत ओढली जाते. भोंकावर बोट धरलें तर तो श्वास जाणवतो. शास्त्रज्ञ याला दोलायमान जलस्तंभ म्हणतात. विझिंजमला फुलपात्राच्या जागीं काँक्रीटची एक प्रचंड पेटी आहे अशी कल्पना करा. वजन सुमारें ३००० टन. समुद्राच्या बाजूस पाण्याखालीं तिला तोंड, वर हवेची कोठी, आणि कोठीच्या माथ्यावर चक्र. तोंडाच्या दोन्ही अंगांस भिंती पुढें काढलेल्या, म्हणजे येणारी लाट त्यांच्यामध्यें सांपडून अधिक जोरानें आंत शिरावी.

आतां खरी मेख पाहा. लोहाराचा भाता एकाच बाजूनें वारा घालतो; समुद्राचा भाता दोन्ही बाजूंनीं घालतो. साधें पवनचक्र त्या हवेंत ठेवलें तर तें एकदां सुलट, एकदां उलट फिरेल, आणि वीज धड निघणार नाहीं. झडपा बसवून हवेला एकच दिशा लावतां येते, पण समुद्रावर झडपा टिकत नाहींत. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठांतील ॲलन वेल्स यांनीं सत्तरीच्या दशकांत याचा सुंदर उलगडा केला. त्यांच्या चक्राचीं पातीं दोन्ही अंगांनीं सारखीं असतात, आणि हवा खालून वर जावो कीं वरून खालीं येवो, चक्र एकाच दिशेनें फिरत राहतें. माझ्या लहानपणीं घरोघरीं दोघी बायका जात्यावर समोरासमोर बसत. एक खुंटा ओढी, दुसरी ढकली, पण जातें मात्र एकाच अंगानें फिरे. वेल्सचें चक्र मला नेहमीं तसें वाटतें.

जागा विझिंजमची कां निवडली, हेंही पाहण्यासारखें आहे. तेथें मच्छीमारी बंदराला लाटांपासून आडोसा देणारा धक्का होता. त्याला लागून समुद्र लवकर खोल होतो. सुमारें १० मीटर पाणी जवळच मिळालें. भरती-ओहोटींतला फरक तेथें एक मीटरापेक्षां कमी, म्हणून पेटीचें तोंड उघडें पडण्याची किंवा फार बुडण्याची भीति नाहीं. विजेचें जाळें जवळ होतें. आणि योजकांच्या मनांत एक पक्का गृहस्थी हिशेब होता : बंदराला धक्का तर बांधावा लागतोच, धक्क्याच्या भिंतींतच अशा पेट्या बसविल्या तर भिंतीचा खर्च बंदराच्या खातीं पडेल आणि विजेच्या माथीं फक्त यंत्राचा खर्च येईल. पहिली पेटी ही त्या पुढच्या भिंतीची परीक्षा होती.

ऑक्टोबर १९९१ मध्यें केंद्र चालू झालें. वीज विजेच्या जाळ्यांत सोडण्यांत आली. वर्तमानपत्रांनीं १५० चा आंकडा छापला, आणि तो हरसूलच्या फळ्यापर्यंत पोहोंचला.

आतां त्या आंकड्याचा अर्थ काय, तें सांगतों. कारण माझी चूक नेमकी तेथें झाली. यंत्रावर जो आंकडा कोरलेला असतो तो त्याची अधिकांत अधिक ताकद दाखवितो. बैलगाडींत वीस पोतीं मावतात म्हणून ती रोज वीस पोतीं आणते असें आपण समजत नाहीं. मीं मात्र २५०० दिवे अहोरात्र पेटविले.

प्रत्यक्षांत केंद्रावर काय दिसलें? एक मोठी लाट येऊन जाण्यास आठ-दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत कोठींतली हवा एकदां बाहेर जाते, एकदां आंत येते, आणि दिशा बदलतांना दोनदां क्षणभर थबकते. म्हणजे दर चार-पांच सेकंदांनीं चक्राखालचा वारा नाहींसा होतो. त्या माझ्या विद्यार्थ्याला वाटलें असेल कीं लाट नसणें ही महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट. येथें तर लाट असतांनाच ती दर पांच सेकंदांनीं "नसते". चक्राला जोडलेलें जनित्र विजेच्या जाळ्याशीं बांधलेलें होतें आणि त्याला ठराविक वेगानें फिरत राहणें भाग होतें. वारा पुरेसा असला कीं तें जाळ्याला वीज देई. वारा पडला कीं तेंच यंत्र विजेच्या पंख्यासारखें जाळ्यांतून वीज घेऊन फिरत राही. वीज देण्यासाठीं बसविलेलें यंत्र वीज खातें, हें ऐकून कोणासही हंसूं येईल. परंतु तें किती देतें, किती खातें, कोणत्या लाटेस देतें आणि कोणत्या लाटेस खातें, याची मोजदाद करतां यावी म्हणूनच तें तेथें होतें. हौदांत ही गोष्ट कधींच पुरती कळली नसती, कारण हौदांतल्या लाटा शिस्तीच्या असतात.

दुसरी अडचण उलट बाजूची. पावसाळ्यांत लाटा चढल्या, हवेचा झोत वाढला, कीं वीज भरपूर मिळावी असें आपणांस वाटतें. पण वेल्सच्या चक्राला एक खोड आहे. हवेचा झोत चक्राच्या फिरण्याच्या मानानें फार जोराचा झाला तर ती हवा पात्याला धरून वाहत नाहीं, सुटून जाते, आणि चक्राची ओढ एकाएकीं गळते. विमानाचें नाक फार वर केलें असतां तें जसें आधार सोडतें, तसाच हा प्रकार. म्हणजे समुद्र दोन्ही हातांनीं देत असतां यंत्राची ओंजळ मिटते! यावर तोडगा म्हणून पातीं बदलावयाचीं, किंवा दोन लहान चक्रें ठेवून एकाचा वा दोहोंचा उपयोग करावयाचा, किंवा चक्राची जातच बदलावयाची. तिसरी अडचण खाऱ्या हवेची. तिच्याविषयीं कोंकणांतल्या श्रोत्यांना मीं कांहीं सांगावें असें नाहीं. ज्यांच्या दाराच्या कड्या दर दोन वर्षांनीं गंजून गळतात त्यांना समुद्रांतल्या जनित्राचे हाल आपोआप कळतील.

या निरीक्षणांवरून नवें चक्र आणि नवें जनित्र तयार झालें आणि एप्रिल १९९६ मध्यें तें पेटीवर बसविलें. दरम्यान नोव्हेंबर १९९३ मध्यें राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था मद्रासला स्थापन झाली होती. पुढें हें काम तिच्याकडे गेलें. तिनें जपानमधील सागा विद्यापीठाच्या मंडळींसह आणखी एका जातीचें चक्रही विझिंजमला चालवून पाहिलें, तें जोरदार झोतांत वेल्सच्या चक्रापेक्षां कमी नाठाळ असतें. १९९६ च्या सुमारास या अनुभवावर धक्क्याच्या भिंतींत दहा पेट्या बसवून १.१ मेगावॅट मिळविण्याचा आराखडाही तयार झाला. कोल्लमजवळील तंगश्शेरीचें बंदर त्यासाठीं डोळ्यांसमोर होतें. तो आराखडा कागदावरच राहिला. याचें मला फार वाईट वाटतें. पहिल्या पेटीचा सगळा उद्देशच दुसरी, तिसरी आणि दहावी पेटी हा होता. एकटी पेटी वीज विकून आपला खर्च कधींच भागविणार नव्हती, आणि तसें तिच्या कर्त्यांनीं मानलेंही नव्हतें.

त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. वीज चढते-उतरते, ती सांठवून ठेवणें महागाचें. मग जी वस्तु सांठवितां येते तीच कां करूं नये? विझिंजमला समुद्र अथांग आणि गोडें पाणी अपुरें. २००४ सालीं केंद्राला खारें पाणी गोडें करण्याचें यंत्र जोडण्यांत आलें. बारीक पडद्यांतून पाणी दाबानें ढकलून मीठ मागें ठेवण्याची ही रीत. दिवसाला १०,००० लिटरांची तिची क्षमता. मधल्या थबकण्यापुरता आधार विद्युत्-घटांनीं द्यावयाचा, आणि मोठी चढ-उतार टांकीनें सोसावयाची. लाट असेल तेव्हां पाणी भरा, नसेल तेव्हां टांकींतलें वापरा. हें उत्तर कोणाही गृहिणीला तत्काळ पटेल. नळाला पाणी ठराविक वेळेसच येतें म्हणून घरांत हंडे भरून ठेवण्याचें तत्त्व दुसरें कोणतें आहे?

२०११ च्या सुमारास केंद्र बंद करण्यांत आलें. काँक्रीट पेटीनें तोंवर सुमारें वीस पावसाळे अंगावर घेतले होते. ही गोष्ट लहान नव्हे. नॉर्वेंत १९८५ सालीं याच तत्त्वावर ५०० किलोवॅटचें केंद्र एका कड्याशीं उभें केलें होतें. १९८८ च्या डिसेंबरांतील वादळानें त्याचा मनोरा उखडून नेला. स्कॉटलंडच्या आयले बेटावर २००० सालीं उभारलेलें केंद्र बारा-तेरा वर्षें चाललें. विझिंजमची पेटी टिकली. टिकली नाहीं ती तिच्या मागची चिकाटी.

आणि योगायोग असा कीं, ज्या २०११ सालीं आपण हें केंद्र मिटविलें, त्याच वर्षीं स्पेनच्या बास्क प्रांतांत मुत्रिकू येथें बंदराच्या धक्क्याच्या भिंतींतच सोळा कोठ्या आणि सोळा वेल्स-चक्रें बसविलेलें २९६ किलोवॅटचें केंद्र सुरू झालें. तिकडच्या मंडळींनीं आपला आराखडा पाहिला होता असें माझें म्हणणें नाहीं. कल्पना अनेकांना एकाच वेळीं सुचतात. पण भिंत बंदराची, यंत्र विजेचें, आणि एका मोठ्या चक्राऐवजीं पुष्कळ लहान चक्रें, म्हणजे एकाची हवा थबकली असतां दुसऱ्याची वाहत असते, हीच ती जोडणी. त्याच्याही आधीं, २००३ सालीं, स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत एक निराळीच संस्था स्थापन झाली होती. ती स्वतः वीज विकावयास बसलेली नाहीं. तिनें समुद्रांत तारा टाकून, मोजमापाचीं साधनें लावून जागा सिद्ध केल्या. ज्याला आपलें यंत्र पारखावयाचें असेल त्यानें तें तेथें आणून जोडावें. पैलवानाला आखाडा लागतो तसा यंत्राला समुद्रांतला आखाडा लागतो, हें त्यांनीं ओळखलें. विझिंजमचा धक्का, पेटी आणि जाळ्यापर्यंतची तार हीं सारीं आपल्याकडे त्याच्या एक तपापूर्वींपासून उभीं होतीं.

उष्णतेच्या मार्गाकडे पुन्हां वळूं असें मीं म्हटलें होतें. सागर तंत्रज्ञान संस्थेनें "सागर शक्ति" नांवाच्या तराफ्यावर १ मेगावॅटचें उष्णता-केंद्र तमिळनाडूच्या तुतिकोरिनपलीकडच्या समुद्रांत उभें करण्याचा घाट घातला होता. त्याला थंड पाणी ओढण्यासाठीं सुमारें एक किलोमीटर लांबीची नळी समुद्रांत सोडावयाची होती. ती नळी बसविण्याचे प्रयत्न फसले. वीज मिळाली नाहीं. परंतु खोल समुद्रांत नळी कशी सोडावी आणि कशी सोडूं नये, हें ज्ञान हातीं आलें, आणि २००५ सालीं लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर त्याच संस्थेनें सुमारें ३५० मीटर खोलीवरचें थंड पाणी वर आणून, त्याच्या योगानें समुद्राच्या पाण्याची वाफ थिजवून, दिवसाला एक लक्ष लिटर गोडें पाणी देणारें केंद्र उभें केलें. बेटावरच्या लोकांना पिण्याचें चांगलें पाणी मिळालें. वह्यांतल्या चुकीच्या गणितांखालींच बरोबर गणितें सांपडतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

आपल्या महाराष्ट्राचें काय, असें श्रोते विचारतील. आपला किनारा जुन्या मोजणीप्रमाणें सुमारें ७२० किलोमीटर. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणानें म्हणजे महाऊर्जेनें लाटांच्या दृष्टीनें ज्या जागा सांगितल्या आहेत त्यांत वेंगुर्ल्याचे खडक, मालवणचे खडक, रेडी, पावस, रत्नागिरी आणि गिर्ये हीं नांवें आहेत. वर्षाची सरासरी दर मीटरास ५ ते ८ किलोवॅट, पावसाळ्यांत १५ ते २०. म्हणजे केरळच्या टोंकापेक्षां आपली सरासरी कमी, आणि उन्हाळा-पावसाळ्यांतलें अंतर मोठें. मे महिन्यांत निवांत पडलेला मालवणचा समुद्र ज्यांनीं पाहिला आहे, आणि आषाढांत तोच समुद्र ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना आंकड्यांची गरज नाहीं. "लाट नसेल तेव्हां" हा प्रश्न विझिंजमपेक्षां वेंगुर्ल्याला अधिक टोंचणार. तेथें पेटी बसवावयाची तर चक्र पावसाळ्याच्या मापाचें करावें कीं हिंवाळ्याच्या? पावसाळ्याच्या मापाचें केलें तर आठ महिने तें अर्धपोटीं. हिंवाळ्याच्या मापाचें केलें तर आषाढ-श्रावणांत दारचें धान्य वाया. माझें स्वतःचें मत, एका मॅट्रिक झालेल्या मास्तराचें मत म्हणून घ्यावें, असें कीं वीज हा कोंकणांतल्या लाटांचा पहिला उपयोग नसावा. बंदराच्या भिंतीला जोडून पाणी आणि मासे टिकविण्याचें बर्फ, या सांठवितां येणाऱ्या वस्तु प्रथम कराव्या.

मुंबईस फेब्रुवारी २०२५ मध्यें भारत पेट्रोलियम या कंपनीनें इको वेव्ह पॉवर नांवाच्या इस्राएली कंपनीशीं १०० किलोवॅटच्या प्रायोगिक लाट-केंद्राचा करार केला आहे. ती रीत निराळी : धक्क्याला बाहूंनीं जोडलेल्या तरंडी लाटेबरोबर वरखालीं होतात आणि तेलाच्या दाबानें किनाऱ्यावरचें यंत्र चालवितात. विझिंजमचें नांव आतां लोकांच्या तोंडीं आहे तें निराळ्याच कारणानें. तेथलें प्रचंड आंतरराष्ट्रीय बंदर २ मे २०२५ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. मोठमोठीं मालवाहू जहाजें जेथें लागतात, त्याच्या शेजारच्या मच्छीमारी धक्क्यावर एके काळीं लाटांचा श्वास मोजला जात होता, हें फार थोड्यांना ठाऊक असेल.

गेल्या दिवाळींत माझा तो विद्यार्थी पुन्हां घरीं आला होता. त्याला मीं हें सारें सांगितलें, आणि वर्गांत हंसलों त्याबद्दल त्याची क्षमाही मागितली. तो संकोचला, म्हणाला, "गुरुजी, मी तर विसरून गेलों होतों." ओसरीवर माझ्या नातवाची पाटी पडली होती. ती त्यानें उचलली, १५० किलोवॅटचें तें जुनें गणित पुन्हां मांडलें, २५०० दिवे हें उत्तर काढलें, आणि त्याच्या खालीं आपल्या हातानें लिहिलें : "मोठी लाट असेल तेवढाच वेळ." मग पाटी माझ्याकडे दिली आणि विचारलें, "आतां बरोबर?"